चिठ्ठीवरची तिसरी ओळ

काटेकाका वर्षातून एकदा आमच्या औषध विभागात यायचे आणि तेवढा दिवस मी निर्धास्त असायची. एरवी निर्धास्त राहणं माझ्या स्वभावात नाही. गॅस बंद केला का ते बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत वर जाते. मुलीला यायला दहा मिनिटं उशीर झाला तर माझ्या डोळ्यांपुढे अख्खा अपघात उभा राहतो, अगदी रक्तगटासकट. पण रुग्णालयाच्या मागच्या खोलीतल्या बारीक काट्याबद्दल, ज्यावर मी लहान मुलांच्या औषधांच्या पुड्या तोलते, मला कधी धाकधूक वाटली नाही. काकांनी तो उघडून ब्रशने झाडलेला असायचा. आपल्या पेटीतली पितळी वजनं चिमट्याने एकेक ठेवून पाहिलेली असायची. मग प्रमाणपत्रावर बारीक सही. बावीस वर्षं मी त्या सहीच्या भरवशावर औषधं तोलली. त्यांच्यामागून एकदाही वजन ठेवून पाहिलं नाही.

नाव होतं त्यांना, पण ते कोणी घेत नसे. काटे दुरुस्त करायचे म्हणून काटेकाका. बेताच्या उंचीचे, कोटाच्या खिशात कायम एक भिंग, आणि बोटं लांब, कोरडी. हातात घेतलेल्या वस्तूचं वजन सांगायची त्यांना खोडच होती. एकदा माझी पर्स उचलून म्हणाले, "बाई, यात अर्धा किलो किल्ल्या आणि दीड किलो काळज्या आहेत. किल्ल्या कमी करता येतील."

आमच्या घरापासून दोन वळणांवर, एका छापखान्याच्या खाली त्यांचं दुकान होतं. पुढच्या खोलीत छताला टांगलेले काटे, मोकळी पारडी, तेलाचा वास. मागच्या खोलीत एक टेबल, एक दिवा आणि उथळ खणांचं कपाट. त्या खणांत जुनी पदकं होती, लष्करातली, शौर्याबद्दल दिलेली. बायको नाही, मूलबाळ नाही. ही पदकं हाच त्यांचा संसार.

लोक त्यांच्याकडे पदकं ओळखायला आणत. आजोबा गेल्यावर कपाटाच्या तळाशी एक डबी सापडते, आत काळी पडलेली चांदीची चकती आणि विटलेली फीत. कोणाचं, कधीचं, कशाबद्दल, घरात कोणाला ठाऊक नसतं. काका ते पुसत नसत आणि दुसऱ्याला पुसू देत नसत. "पॉलिश केलंत की पुरावा गेला," म्हणायचे. आधी वजन करायचे. मग कड बघायचे, कारण नाव कडेवर असतं. टांकसाळीत ठशाने उमटवलेली अक्षरं आणि नंतर कोणी हाताने कोरलेली अक्षरं यांतला फरक ते नखाने ओळखत. मग व्यास मोजायचे. जुनं नाव घासून दुसरं घातलेलं असेल तर चकती केसभर लहान भरते. मागचं चिन्ह कोणत्या वर्षी बदललं, टांगायची कडी कधीपासून फिरती झाली, यावरून साल. फितीसाठी मी त्यांना आमच्या विभागातला एक जुना जांभळ्या प्रकाशाचा दिवा मिळवून दिला होता. त्याखाली नवा धागा निळापांढरा चमकतो, जुना मुका राहतो.

सगळं झालं की ते एक चिठ्ठी लिहायचे. तीन ओळी. पहिली: कोणाचं. दुसरी: केव्हाचं. तिसरी: घातलं की नाही.

तिसरी ओळ ही त्यांची खासियत होती. साल काय, पुस्तकं बघून कोणीही काढेल. पण माणसाने ते पदक छातीवर लावलं का, किती वर्षं लावलं, हे काका सांगत. फितीत टाचणीची भोकं असतात. आणि दोन-तीन पदकं एका पट्टीवर लावून माणूस चालला की ती एकमेकांवर आपटतात. चांदी मऊ. वर्षानुवर्षं आपटून कडेवर बारीक टोचे पडतात. काका त्यांना शेजाऱ्यांच्या खुणा म्हणत. "हे बघा, हा उजवीकडचा शेजारी भांडखोर होता," असं म्हणून भिंग पुढे करायचे.

मी तिथे असताना एकदा एक गृहस्थ आले होते, चांगले पन्नाशीचे. वडिलांचं पदक. वडील दरवर्षी ते लावून संचलनाला जात, असं अभिमानाने सांगत होते. काकांनी व्यास मोजला, परत मोजला, आणि म्हणाले, "हे तुमच्या वडिलांचं नाही. दुसऱ्याचं नाव घासून वर त्यांचं कोरलंय. घातलंय मात्र खूप." ते गृहस्थ उठून निघाले. चिठ्ठी टेबलावरच राहिली. काका ती घेऊन त्यांच्यामागे धावत रस्त्यापर्यंत गेले आणि त्यांच्या हातात देऊन आले.

मी म्हटलं, "गप्प बसता आलं नसतं का हो? काय बिघडलं असतं?"

"मला विचारायला आले होते ना?" काका म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं की मी काय म्हणतेय.

अशा माणसाकडे मी माझ्या धाकटीला पाठवलं. थोरली लग्न होऊन लांब गेली होती, हे कामानिमित्त निम्मा महिना बाहेर. धाकटी सतरा वर्षांची, घुमी, नखं खाणारी. मैत्रिणी नाहीत, खेळ नाही. काहीतरी छंद लागावा असं मला वाटे, पण असा, की ज्यात पडायचं नाही, बुडायचं नाही, रात्री उशिरा घरी यायचं नाही. खोलीत बसायचं, भिंग धरायचं, गार वस्तू हाताळायच्या. याहून सुरक्षित काय असणार? मीच तिचा हात धरून तिला त्या मागच्या खोलीत नेऊन बसवलं.

वर्षभरात तिची नखं वाढली. डोळे मिटून तीन पदकं हातात घेऊन कोणतं घासलेलं ते सांगू लागली. जेवताना माझ्याशी बोलू लागली! "आई, आज एक आलं होतं, नुसतं टोचेच टोचे. काका म्हणाले, हा माणूस पदकं लावून झोपत असणार." चिठ्ठीही लिहायची. काका तपासून, बरोबर असेल तर लाल पेन्सिलीने खूण करून, आपल्या चिठ्ठीला टाचून डब्यात ठेवायचे. ज्या दिवशी लाल खूण मिळे त्या दिवशी घरात गाणं चाले. मी मनातल्या मनात काकांच्या पाया पडायची.

एकोणिसाव्या वर्षी ती म्हणाली, "आई, मी सैन्यात अर्ज करणार आहे."

हातातलं पातेलं मी खाली ठेवलं, एवढं आठवतं. नंतरचे तीन आठवडे मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. रडले, अबोला धरला, तिच्या वजनावरून, डोळ्यांच्या नंबरावरून बोलले. ती ऐकून घ्यायची. हे आले, दोन्ही बाजू ऐकल्या आणि "तुम्ही दोघी ठरवा" म्हणून परत गेले. शेवटी धाकटी म्हणाली, "तू हो म्हणालीस तरच जाईन. नाही म्हणालीस तर कागद फाडते. शब्द देते." तिने शब्द दिला आणि ओझं माझ्या डोक्यावर आलं.

त्या रविवारी काका आमच्या घरी आले. कधी येत नसत. बगलेत कागदात गुंडाळलेली एक चौकट होती. त्यांच्या मागच्या खोलीतल्या भिंतीवर पूर्वी फक्त एक दिनदर्शिका असायची. गेले काही महिने तिच्याशेजारी ही चौकट दिसत होती, पण मी कधी जवळ जाऊन पाहिली नव्हती. काचेमागे एका पट्टीवर तीन पदकं.

"हे मधलं शौर्याचं," ते म्हणाले. "माझ्या थोरल्या भावाचं. बाजूची दोन सेवेची. पुलावरच्या लढाईत मिळालं, चोविसाव्या वर्षी. तीस वर्षं दरवर्षीच्या संचलनाला तिन्ही लावून जायचा. गेला तो झोपेत, आपल्या अंथरुणात. वय एकोणऐंशी."

मी विचारलं, "काही लागलं वगैरे नव्हतं?"

"गुडघा दुखायचा. पण एकोणऐंशीव्या वर्षी तो न लढलेल्यांचाही दुखतो."

मला हसू आलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. धाकटी खिडकीशी भिंग पुसत बसली होती. तिने मान वर केली नाही. मी म्हटलं, "काका, मला खरं सांगा. तुमची मुलगी असती, तर तुम्ही पाठवली असती?"

"बाई, शूर माणसं परत येतात," ते म्हणाले. "मी पाहिलंय."

दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर मी त्याला दार दाखवलं असतं. पण हे काटेकाका म्हणत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, धाकटी बुटाची नाडी बांधत असताना, मी तिला हो म्हटलं. तिने मला इतकं घट्ट धरलं की माझा चष्मा वाकडा झाला.

ती गेली त्याला चार महिने झाले आणि काकांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा ठरला. नेमकं त्याच आठवड्यात छापखान्याचा नळ फुटून त्यांच्या मागच्या खोलीचं छत ओलं झालं. पदकं हलवायला हवी होती. काका रुग्णालयात जायच्या गडबडीत. मीच म्हटलं, मी करते. त्यांनी मला किल्ली दिली आणि तीनदा बजावलं, "पुसायचं नाही. प्रत्येक पदक वेगळ्या कागदात. आणि ज्याची चिठ्ठी त्याच्याबरोबर. डब्यात क्रमाने आहेत." चौकटीचं ते बोलले नाहीत. विसरले असतील. किंवा मी ती आहे तशीच उचलीन असं वाटलं असेल.

दुपारी दोनला मी सुरुवात केली. कपाट रिकामं करायला दोन तास लागले. मग भिंतीकडे वळले. चौकटीच्या मागचा पुठ्ठा भिजून फुगला होता, काचेच्या आत ओल धरली होती. उघडणं भागच होतं. पट्टी बाहेर काढून मी खिडकीशी नेली, आणि उगाच, नुसत्या सवयीने, धाकटीची आठवण येत होती म्हणून, तिच्यासारखं मधलं पदक तिरपं धरून कड पाहिली.

कड गुळगुळीत होती. आजच टांकसाळीतून आल्यासारखी. मी बोट फिरवलं, सगळीकडून फिरवलं. एक टोचा नाही. फीत उजेडात धरली. टाचणीचं भोक नाही. बाजूच्या दोन पदकांना खुणा होत्या, भरपूर होत्या, पण त्या त्यांनी एकमेकांना केलेल्या होत्या. त्यांच्या कडेवरचं नाव वाचलं. दोन्हीवर एकच नाव, आणि ते मधल्या पदकावरचं, म्हणजे काकांच्या भावाचं, नव्हतं. आडनावसुद्धा वेगळं.

मला वाटलं, माझंच चुकत असेल. मी काय, ऐकीव ज्ञानावर. म्हणून चिठ्ठी काढली. डब्यात सगळ्यांत पहिली, क्रमांक एक, पिवळी पडलेली. काकांचं अक्षर.

कोणाचं: थोरल्या भावाचं.
केव्हाचं: पुलाच्या लढाईच्या वर्षाचं.
घातलं: एकदाही नाही. टपालाने आलं, आईच्या नावे.

तिच्यामागे दुसरी चिठ्ठी टाचलेली होती. पांढरी. ते अक्षर मी तिच्या पहिलीच्या पाटीपासून ओळखते. "घातलं: नाही. कडेवर एकही खूण नाही, फितीला भोक नाही. हे पदक आलं तेव्हा माणूस नव्हता." खाली तारीख. काका चौकट घेऊन आमच्या घरी आले त्याच्या दहा महिने आधीची. आणि शेजारी लाल पेन्सिलीची खूण. बरोबर.

मी स्टुलावर बसले. छतातून एका बादलीत पाणी ठिबकत होतं. मला आधी काकांचा राग आला नाही. मला त्या रविवारी धाकटी खिडकीशी बसून भिंग पुसत होती, ते आठवलं. किती वेळ पुसत होती! भिंगाला पुसण्यासारखं काही नव्हतंच.

दोघांपैकी एकालाही ती चिठ्ठी फाडायचं सुचलं नव्हतं. माझ्याशी खोटं बोलायला दोघं एक झाले, भिंतीवर चौकट लटकवली, दुसऱ्याची पदकं आणून भावाच्या शेजारी बसवली. पण चिठ्ठीवर खोटं लिहिणं किंवा खरी चिठ्ठी डब्यातून काढणं, हे त्यांच्याकडून झालं नाही. उलट रुग्णालयात जाताना काका मलाच सांगून गेले, ज्याची चिठ्ठी त्याच्याबरोबर.

चार दिवसांनी मी काकांना भेटायला गेले. एका डोळ्यावर पट्टी, खाटेवर उशीला टेकून बसले होते. माझ्या पावलांवरून ओळखलं. "या बाई. सगळं नीट हलवलंत ना?"

मी दोन्ही चिठ्ठ्या त्यांच्या हातात दिल्या. वाचता येत नव्हतं, पण त्यांनी कागदावरून बोट फिरवलं, टाचणी लागली, आणि हात तिथेच थांबला.

"तिने सांगितलं होतं तसं करायला?" मी विचारलं.

"तिने विचारलं. मी हो म्हटलं. म्हणजे ते खोटं दोघांचंही."

"त्या गृहस्थांना आठवतंय का? वडिलांचं पदक घेऊन आलेले? त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत धावला होतात. चिठ्ठी हातात द्यायला."

"आठवतंय."

"ते परके होते. मी तर बावीस वर्षं तुमच्या सहीवर पोरांची औषधं तोलतेय. माझ्यामागे कोणी धावलं नाही."

त्यांनी चिठ्ठ्या माझ्याकडे परत दिल्या. मग म्हणाले, "माझ्या आईने भावाला नाही म्हटलं होतं. तो न सांगता गेला. त्याच्या एकाही पत्राला तिने उत्तर दिलं नाही. शेवटी टपालाने ही डबी आली. तिने ती हातातही घेतली नाही, मी उघडली. चौदा वर्षांचा होतो. तुमची पोर जाणारच होती, बाई. फक्त तुमचा होकार घेऊन जावी, असं मला वाटलं."

"ती जाणार नव्हती. तिने मला शब्द दिला होता."

"दिला होता," काका म्हणाले. "आणि माझ्याकडे येऊन रडली होती, की आई नाही म्हणाली तरी मी जाईन आणि मग आई माझ्याशी बोलणार नाही."

म्हणजे तो शब्दही खोटा होता. मी असं काही ऐकायला आले नव्हते.

"शूर माणसं परत येतात, मी पाहिलंय, असं म्हणालात तुम्ही."

"ते नको होतं म्हणायला," ते म्हणाले. "बाकीचं मी पुन्हाही करेन कदाचित. ते एक नको होतं."

मी आणलेली बिस्किटं स्टुलावर ठेवली आणि निघाले. आणली होती म्हणून ठेवली.

धाकटीचा फोन रविवारी येतो, दहा मिनिटांचा. त्या रविवारी तिने पायातल्या फोडांचं सांगितलं, शेजारच्या खाटेवरची मुलगी घोरते ते सांगितलं, आणि मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "काकांच्या वस्तू नीट हलवल्यास ना? चौकट उघडली नाहीस ना?"

"उघडली."

पलीकडे कोणीतरी मोठ्याने हाका मारत होतं. 

"कड गुळगुळीत आहे," मी म्हटलं. "तुझी चिठ्ठी बरोबर होती."

"आई..."

"मी हो म्हटलं ते त्या पट्टीच्या भरवशावर म्हटलं. ते मी परत घेतेय. तो होकार माझा नाही आहे."

मला वाटलं होतं ती रडेल, आणि मग मी विरघळेन, आणि मग आम्ही दोघी रडू. ती रडली नाही. म्हणाली, "बरं. पण मी येणार नाही आई." आवाज लहान होता, पण हलत नव्हता. काट्याची सुई थांबते तसा. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी फोन केला तर घेशील?"

त्या आईने पत्रांना उत्तर दिलं नव्हतं. मी कितीही भाजले असले तरी मला ते जमणारं नव्हतं, आणि हे त्या दोघांना आधीपासून ठाऊक असावं, याचा मला सर्वांत जास्त राग आला.

"घेईन," मी म्हटलं.

छत वाळल्यावर पदकं परत कपाटात गेली. मीच लावली, क्रमाने. चौकट मात्र पुन्हा केली नाही. बाजूची दोन पदकं त्यांच्या खऱ्या चिठ्ठीबरोबर त्यांच्या खणात ठेवली. भावाचं पदक पट्टीवरून सोडवून एकटंच पहिल्या खणात ठेवलं, दोन्ही चिठ्ठ्या टाचून. त्याला कोणी शेजारी नव्हताच कधी. काका दारात उभे राहून बघत होते. 

धाकटी आता सीमेजवळच्या एका ठाण्यावर आहे. दर रविवारी म्हणते, "मी ठीक आहे आई." पूर्वी मी हे ऐकून फोन ठेवायची. आता ऐकते आणि त्या वाक्याच्या कडेवरून बोट फिरवत बसते, कुठे काही घासलंय का बघत. ती खरं बोलत असेल. मला आता कळायला मार्ग नाही.

गेल्या महिन्यात काका औषध विभागात आले, वर्षाच्या तपासणीला. काटा उघडला, ब्रशने झाडला, वजनं ठेवली, सही केली. पेटी बंद करू लागले तेव्हा मी म्हटलं, "थांबा." त्यांच्याच पेटीतलं सगळ्यात लहान वजन चिमट्याने उचललं आणि पारड्यात ठेवलं. मग त्याच्यावरचं. मग त्याच्यावरचं. प्रत्येक वेळी सुई जिथे थांबायला हवी तिथेच थांबली.

काका टोपी हातात घेऊन बाजूला उभे होते. मला नीट दिसावं म्हणून त्यांनी दिवा थोडा माझ्याकडे सरकवला. मी शेवटच्या वजनापर्यंत गेले.